बर्फाआधीची खुर्ची

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ११.
टीव्हीवाले म्हणतात, शनिवारी दुपारी वादळ, दोन फूट बर्फ. बॉस्टनमध्ये एकाहत्तर हिवाळे काढलेल्या मला हे शिकवणार!

मग नोरीनचा फोन. मुलगी माझी, पण बोलते हेडमास्तरीणबाईंसारखी. ठरलं ते असं: हे वादळ मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता निभावलं, तर वूस्टरला तिच्या घरी राहायला जाण्याचा विषय कायमचा बंद. नाहीतर सामान बांधायचं. मी लगेच हो म्हटलं. बिचारी हरणार, याचं जरा वाईट वाटलं.

संकल्प: उद्या सकाळी सातला दुकानात. ब्रेड, दूध, अंडी.

शुक्रवार, ६. दुपारी ४.
सातला घाबरट लोक जातात. मी तीनला गेलो. ब्रेड नाही, दूध नाही, अंडी नाहीत. घाबरटांनी सगळं नेलं. बेदाण्याचे बन मिळाले. तेच जास्त टिकतात.

नवं फावडं घेतलं. गाडीच्या डिकीत आहे. तयारी म्हणतात ती ही.

शनिवार, ७. दुपारी १.
अंड्यांसाठी पुन्हा निघालो. घरासमोरची गाडी लावायची जागा जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची रस्त्यात मांडली. शेजारची डोलोरेस खिडकी उघडून म्हणते, जेरी, बर्फाचा कण पडला नाही आणि खुर्ची? लाज आहे का काही? आमच्या गल्लीत नियम असा, की बर्फ उपसून जागा मोकळी करणाऱ्याने खुर्ची ठेवायची, मग दोन दिवस तिला कुणी हात लावत नाही. पण मी उपसणारच होतो की. हक्क थोडा आगाऊ घेतला, एवढंच.

दुपारी ३.
अंडी नाहीत. खुर्ची माझ्या पायरीवर, वर चिठ्ठी: "आधी फावडं, मग खुर्ची." जागेत कुणाची तरी निळी गाडी. माझी आता उताराच्या तळाशी. लोकांना दुसऱ्याची दूरदृष्टी बघवत नाही.

ढग नाहीत. तरी बर्फ साचू नये म्हणून अख्खं पोतं मीठ पायऱ्यांवर टाकलं. मागाहून धावपळ नको.

संध्याकाळी ६.
पाऊस. मीठ वाहून डोलोरेसच्या गुलाबांत गेलं. यावर ती जे बोलली ते लिहीत नाही. वादळ आता उद्या दुपारी, म्हणे.

रविवार, ८. दुपारी ४.
सकाळपासून बूट घालून खिडकीत. वादळाचा पत्ता नाही. नोरीनने फोनवर विचारलं, जेवलात का, डॅड? म्हटलं, उत्तम. बन चौथ्यांदा खाल्ले.

याच खिडकीत माझी बायको आयलीन बसायची. जाऊन तीन वर्षं झाली. मला हे घर सोडायचं नाही. एवढं एक खरं लिहून ठेवतो.

आता अर्धा तास पडतो. लढाईआधी विश्रांती हवी.

सोमवार, ९. सकाळी १०.
विश्रांती सोळा तास चालली. वादळ आलं आणि गेलंही. मला न उठवता गेलं, यात माझा काय दोष?

दार उघडत नाही, बाहेर कमरेएवढा बर्फ. फावडं डिकीत. डिकी गाडीला. गाडी उताराच्या तळाशी, बर्फाखाली. खिडकीतून तळणीने उपसायला सुरुवात केली. काम बरं चाललंय.

सकाळी ११.
डोलोरेस फावडं घेऊन आली. वय अडुसष्ट, गुडघा बदललेला. मी बोलावलं नव्हतं, म्हणजे ही मदत धरता येत नाही. शिवाय कुठे उपसायचं ते खिडकीतून मीच दाखवत होतो. म्हणाली, जेरी, तोंड बंद ठेव आणि कॉफी कर.

दुपारी २.
नोरीनला कळवलं: दार मोकळं, पायऱ्या मोकळ्या, सगळं एकट्याने. ती मग म्हणाली, डॅड, समोरच्यांनी काढलेला फोटो डोलोरेसने आत्ताच पाठवलाय. त्यात ती उपसतेय आणि तुम्ही खिडकीतून बोट दाखवताय.

फोटो कुठल्या बाजूने काढलाय, यावर बरंच अवलंबून असतं. नोरीन उद्या येतेय.

मंगळवार, १०. दुपारी १२. नोरीनच्या गाडीत.
दोन पेट्या. उरलेलं सामान नंतर. डोलोरेस दारात उभी होती. फोटो पाठवायला नको होता, म्हणाली, आणि रडायला लागली. गुलाबांचं मनावर घेऊ नकोस, असं मी म्हटलं.

नोरीनला स्पष्ट सांगितलं, मी थोड्या दिवसांसाठी येतोय, तेही तुमच्या सोयीसाठी. वूस्टरला बर्फ जास्त, घरात एक अनुभवी माणूस हवा. ती हो म्हणाली. मग वाकून माझा सीटबेल्ट लावला.