सहा हजार पावलांच्या आत

३ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. सातवा महिना. बाळ छान. माझी कंबर मात्र वाईट. परवा ऑफिसात कळ आली आणि सगळ्यांसमोर फरशीवर बसावं लागलं, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवसाला सहा हजार पावलांच्या आत राहा, दमलात की बसा, आणि डोकं शांत ठेवा. शेवटचं वाक्य त्यांनी नवऱ्याकडे बघून म्हटलं. नवरा जोरजोरात मान हलवत होता. हलवायचं कारण काय?
मी शांतच असते.

३ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंचं म्हणणं, थीम पार्क रद्द करा. पार्क काही पळून जात नाही. पार्क पळून जात नाही हे खरं, पण भिंगरी पळून जातेय. सहा वर्षांची झाली. दोन महिन्यांनी घरात तान्हं बाळ येणार, मग या पोरीला आई कुठली? म्हणून मीच तिला शब्द दिला होता की त्याआधी एक अख्खा दिवस आपला.
तिची मागणी एकच. तिथे एक छोटी रेल्वे आहे. एका डब्यात दोनच माणसं मावतात. त्यात ती आणि मी. बाबा नको, आजी नको. बाकी पाळणे-बिळणे काही नसले तरी चालतील म्हणाली. मी म्हटलं, रेल्वेसकट सगळं होईल. नियोजन नावाची एक गोष्ट असते.

५ मार्च
पार्कचा नकाशा छापून घेतला. गोदामात मी हेच काम करते. कुठल्या रॅकवरून आधी काय उचलायचं ते ठरवायचं, म्हणजे माल काढणाऱ्या माणसाला कमीत कमी चालावं लागतं. गेल्या वर्षी अकरा टक्के चालणं वाचवलं म्हणून मला काचेचं एक तिकोनी काहीतरी मिळालं. ते टीव्हीशेजारी ठेवलंय.
नकाशावर दोरा लावून मोजला. पूर्ण फेरी: ४,३१० पावलं. म्हणजे १,६९० शिल्लक.
नवरा शाळेत भूगोल शिकवतो. मागे येऊन म्हणाला, या नकाशाला स्केल नाही, हे चित्र आहे, यात बदक पुलापेक्षा मोठं आहे. मी म्हटलं, हे वर्गात सांग. तो गेला. पोळी लाटताना मात्र मला त्या बदकाचा राग येत राहिला.

९ मार्च
ऑफिसात पॅकिंगवाल्या बाईंना बेत सांगितला. तीन बाळंतपणं झालेली बाई. म्हणाल्या, एवढं काय त्यात, दारातून आत जायचं, पोरीला हवं तिथे बसवायचं, घरी यायचं. अशा लोकांमुळेच गोदामं तोट्यात जातात. फक्त स्टेपलर जरा जोरात ठेवला.
संकल्प: त्या दिवशी आवाज चढवायचा नाही. कोणावरही नाही.

१२ मार्च
बेत पक्का. लॅमिनेशन करून आणलं. मुख्य नियम तीन.
एक, मधल्या चौकातला बाक हे माझं ठाणं. बाकीचे पाळण्यात बसून माझ्याकडे परत येणार.
दोन, ठाणं सोडायचं नाही.
तीन, दाराजवळचं शेवटी. गोदामाचा हा पहिला धडा आहे. दाराजवळचा माल आधी उचलला तर तो सगळीकडे वागवत हिंडावं लागतं. रेल्वे दाराजवळ आहे. म्हणून रेल्वे शेवटी, बाहेर पडता पडता.
भिंगरीने विचारलं, आधी बसलो तर काय होईल? मी दोरा लावून दाखवला. आधी रेल्वे घेतली तर दोनशे पावलं वाया. तिने दोऱ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि परत विचारलं, पण नक्की बसायचं ना? मुलांना नीट समजावलं की समजतं. लोक समजावत नाहीत, ओरडतात.
सासूबाई काखेत कळसा आणि गावाला वळसा असं काहीतरी पुटपुटल्या. म्हणजे भाजी निवडता निवडता, पण मला ऐकू जाईल इतपत.

१४ मार्च, स. ९.४०
गाडी उभी करण्याच्या जागेपासून दारापर्यंत हजाराच्या वर पावलं! नकाशात ही जागा नाहीच. नकाशा दारापासून सुरू होतो. म्हणजे लोक काय आभाळातून दारात पडतात? पावलं मोजणाऱ्या घड्याळात १,३८०. नकाशा काढणाऱ्याला माझ्या हाताखाली आठवडाभर द्या.
दारातून आत आल्या आल्या रेल्वे दिसली. लाल इंजिन, आठ डबे, सगळे रिकामे. भिंगरीने माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, शेवटी. तिने हात सैल केला. शहाणी आहे.
सासूबाई रेल्वेसमोरच्या पहिल्याच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मी इथेच बरी. ठाणं मधल्या चौकात आहे हे कागदावर स्पष्ट लिहिलंय. वाचायचंच नाही म्हटल्यावर काय करणार!

स. १०.३५
चाकाची खुर्ची फोनवर सांगून ठेवली होती. आत आल्यावर मिळेल म्हणाले होते. आत म्हणजे पार्कच्या दुसऱ्या टोकाला! ज्याला चालता येत नाही त्याने खुर्चीसाठी पाऊण तास चालत यायचं! हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला त्याच खुर्चीत बसवून उतारावरून सोडलं पाहिजे.
नवरा म्हणाला होता, मी एकटा जाऊन आणतो. त्याला ब्रेक तपासता येतात का? म्हणून मीच गेले.
खुर्च्या संपल्या होत्या. ४,१५०.

स. ११.१५
ठाण्यावर पोचले. ५,७२०. त्यातली सव्वाचार हजार पार्कच्या हलगर्जीपणामुळे झाली, तेव्हा ती माझ्या हिशेबात धरत नाही. खरी पावलं फार तर दीड हजार. वेळापत्रकाप्रमाणे चाललंय.
वाटेत तो पूल लागला. दोऱ्यावर बोटभर, प्रत्यक्षात संपता संपेना. नवरा काही बोलला नाही. तो ज्या पद्धतीने बोलला नाही ती पद्धत मी दहा वर्षं ओळखते. पुलाखाली बदक होतं. साधं, बदकाएवढं.
भिंगरी आणि तो पाळण्याच्या रांगेत गेले. आता उठायचं नाही.

दु. १२.१०
बाकाच्या बरोबर वर कर्णा आहे. एकच गाणं. पंचावन्न मिनिटं. पोटातलं बाळसुद्धा ठेक्यात लाथा मारायला लागलं. झाडूवाल्या मामांना सांगितलं, आवाज कमी करा. ते म्हणाले, ते आपल्या हातात नाही, चौकशी खिडकीवर सांगा. खिडकी कुठे? ती काय तिथे. हे ती काय तिथे म्हणणारे लोक मला एकदा एका रांगेत उभे करून मिळाले पाहिजेत.
नियम दोन मोडत नाही. नियम ठाणं सोडण्याबद्दल आहे. हे ठाण्याच्या हितासाठी जाणं आहे.

दु. १.२०
चौकशीवाली मुलगी इतकी गोड बोलत होती की तळपायाची आग मस्तकात गेली. आवाजाची तक्रार त्यांच्याकडे येत नाही. त्यासाठी फॉर्म. फॉर्म कार्यालयात. कार्यालय कारंज्यामागे. कारंज्यामागे पाटी: जेवणाची सुट्टी.
परत आले तर माझ्या बाकावर तीन मुलं, एक बाप आणि एक फुगा. मी फक्त पोट दाखवलं. बाप म्हणाला, बसा ना, आणि फुगा सरकवला. बसले. कर्णा सुरूच.
८,९४०. घड्याळ बिघडलंय. रागाने श्वास घेतला तरी मोजतंय.

दु. ३.०५
सुट्टी संपली असेल म्हणून परत जाऊन आले. फॉर्म भरला. कारण लिहायला दोन ओळी होत्या, मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं. मी येईपर्यंत गाणं बदललं होतं. हे जास्त वाईट आहे.
११,६००. कमरेतून कळ निघून गुडघ्यापर्यंत जातेय. कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर सासूबाईंचं खरं होईल.
मी चिडलेली नाही. जे चुकीचं आहे त्याला चुकीचं म्हणतेय, एवढंच.

दु. ४.२०
नवरा आणि भिंगरी तीनला येणार होते. लॅमिनेशनवर आहे. सव्वातीन झाले तरी पत्ता नाही. फोन उचलत नाही. म्हटलं चुकीच्या रांगेत उभे असणार, बघून येऊ. तीन रांगा बघितल्या. चौथ्या ठिकाणी सापडले. रांगेत नव्हतेच. गवतावर पसरून आइस्क्रीम खात होते. भिंगरी हसत होती. नाकाला आइस्क्रीम लागलेलं, बाप तिला काहीतरी सांगत होता आणि ती पोट धरधरून हसत होती.
मी बोलले. आवाज चढवला नाही, फक्त मुद्दे मांडले. आजूबाजूच्या काही लोकांनी वळून बघितलं, पण लोकांना सवयच असते.
भिंगरीचं हसू गेलं. तिने नाक पुसलं आणि उभी राहिली. नवऱ्याने विचारलं की आता तरी रेल्वेकडे जाऊ या का. मी म्हटलं, अजून आरसेमहाल आणि पाणघर बाकी आहे. क्रम मोडला की सगळं कोसळतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

संध्या. ५.५०
रेल्वे बंद.
पाटी लावलीय: शेवटची फेरी ५.३०. आम्ही पोचलो ५.४२. ही पाटी सकाळीही होती म्हणे. नवरा म्हणाला, होती. मग सकाळी सांगायला तोंड नव्हतं? त्याने मला सकाळी सांगितलं होतं म्हणे, दोनदा.
रेल्वेवाले काका इंजिनाला कुलूप लावत होते. मी त्यांना सांगितलं की माझा सातवा महिना आहे, मी सोळा हजार दोनशे पावलं चालून आलेय, एक फेरी मारायला तुमचं काय जातं? ते म्हणाले, वीज वरूनच बंद होते. मग म्हणाले, आज दिवसभर रिकामीच पळवली हो बाई, गिऱ्हाईकच नव्हतं. या आजी तेवढ्या तीनदा बसल्या.
सासूबाई. बाकावर. दारातून आत आल्यापासून सहाशे पावलं. तीन फेऱ्या. काकांनी त्यांना भोंगासुद्धा वाजवू दिला होता. त्या म्हणाल्या, मी पोरीला फोनवर कितीदा बोलावलं ये म्हणून, पण तिला तुझ्याबरोबरच बसायचं होतं.
यावर मी काकांना, सासूबाईंना, नवऱ्याला, पाटीला, सगळ्यांनाच बोलले. पार्कच्या मालकापर्यंत जाईन म्हटलं. कार्यालय कुठे आहे ते मला आता पाठ आहे.
भिंगरीने माझा ड्रेस ओढला. म्हणाली, आई, ओरडू नको ना. तू ओरडलीस की परत चालायला लागतेस.

१५ मार्च, स. ९.३०
एकूण १७,८६२.
डॉक्टरीणबाईंनी सकाळी लवकर बोलावून तपासलं. बाळ मजेत. मला आठवडाभर पलंग. किती पावलं चालू, विचारलं, तर म्हणाल्या बाथरूमपर्यंत. डोक्याचं काय केलंत, असंही विचारलं. नवऱ्याने या वेळी मान हलवली नाही. छताकडे बघत होता.
पलंग बाहेरच्या खोलीत दाराजवळ टाकलाय, वारा येतो म्हणून. पाय टोपाएवढे झालेत. पडल्या पडल्या विचार केला. बेतात चूक नव्हती. अंमलबजावणीत होती. नकाशा, खुर्ची, कर्णा, फॉर्म, पाटी, नवरा. एवढ्या गोष्टी चुकल्यावर कोणाचाही बेत फसेल.
नियम तीन बरोबरच होता. गोदामात तरी तो कधी चुकला नाही. गोदामातला माल वाट बघत नाही म्हणा.
हे वाक्य खोडायचं आहे. पेन चालत नाहीये.

१५ मार्च, स. १०.२०
भिंगरीने खोलीभर रेल्वे केली. खुर्च्या एकामागे एक. पुढच्या खुर्चीवर आजी, भोंग्यासाठी. मग बाबा. मग उशी, मग अस्वल, मग छत्री. माझं लॅमिनेशन उलटं करून त्यावर तेलखडूने नंबर लिहिलेत.
एक डबा दोघांचा आहे. दोन स्टुलं जोडून केलाय. त्यात ती एकटीच बसलीय, शेजारची जागा रिकामी.
मी विचारलं, मी येऊ का? तीनच पावलं आहेत. डॉक्टरीणबाईंना कळणार नाही.
तिने कागद बघितला. अगदी माझ्यासारखं बोट फिरवून बघितला. म्हणाली, तू दाराजवळ आहेस ना आई. दाराजवळचं शेवटी.
रागाने नाही म्हणाली. समजावून सांगितलं.

स. १०.४५
गाडी तिसऱ्यांदा गेली. छत्री उतरली, अस्वल चढलं. जागा अजून रिकामी आहे.

स. ११.०५
नंबर आलेला नाही. उठले नाही, ओरडले नाही. पाय खाली सोडून बसले आहे, म्हणजे आला की वेळ जायला नको.
मी चिडलेली नाही.