सोमवारी बदलायची कॉइल

अहो,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले. हत्यारांची पिशवी कामातल्या कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून काल उघडली, तर तळाशी तुमची खिशातली डायरी निघाली. ती वाचल्यापासून मी धुमसते आहे. भांडायला तुम्ही समोर नाही, म्हणून हे पत्र.

स्वाती आता दहावीला आहे. तिनेच आधी डायरी उघडली. म्हणाली, "आई, पप्पांनी आमच्या पुस्तकातलीच गणितं लिहिलीत." तुम्ही ज्या शेठकडे कामाला होतात, त्याच्या कॅम्प चारच्या गाळ्यातल्या पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंग भाजायच्या भट्टीचं रीडिंग होतं ते. सोमवारी २३० व्होल्ट, १० अँपिअर. बुधवारी २३०, साडेअकरा. शुक्रवारी २३०, साडेबारा.

पोरगी लगेच भागायला बसली. तुमचीच ना! व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स आणि गुणलं की वॅट, हे तुम्हीच तिला इस्त्री पुढ्यात ठेवून शिकवलं होतं. आधी तेवीस ओहम आले, मग वीस, मग अठरा पॉइंट चार. वॅट मात्र तेवीसशेवरून अठ्ठावीसशे पंच्याहत्तरवर गेले.

"कॉइल तीच, व्होल्टेज तेच, मग रोध कमी कसा झाला?" तिने विचारलं.

सोळा वर्षं तुमच्याबरोबर काढली, एवढं मलाही कळतं. कॉइल सैल पडून आत कुठेतरी भट्टीच्या पत्र्याला टेकली होती. मी म्हटलं, "पप्पांच्या लक्षात आलं नसेल गं."

तिने पान उलटलं. मागे तुमच्याच अक्षरात तोच भागाकार होता. १८.४ ला दोनदा गोल केलेला. खाली लिहिलं होतं, 'सारखं ट्रिप. डायरेक्ट केलं. सोमवारी कॉइल बदलणे.'

शनिवारी दुपारी तुम्ही भट्टीच्या दाराला हात लावलात आणि गेलात.

काय म्हणू तुम्हाला? सारखा ट्रिप होत होता तो, भट्टीच्या बॉडीत करंट उतरला की लाइन तोडणारा स्विच होता. तो बिचारा ओरडून सांगत होता आणि तुम्ही त्यालाच बाजूला काढून वायर सरळ जोडलीत. कशासाठी? शेठचा माल शनिवारी जायचा होता म्हणून? शेठला "आज भट्टी बंद" एवढं सांगायला तुमची जीभ उचलली नाही. मी एकदा ओल्या हाताने मिक्सर लावला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होतात. मोरिवलीला माझ्या भावाच्या हळदीत मांडवाची वायर गरम लागली, तर भर जेवणावळीत लाइन बंद केलीत. पाहुणे अंधारात जेवले, भाऊ महिनाभर फुगून होता, पण तुम्ही हटला नाहीत. दुसऱ्याच्या जिवाची एवढी काळजी आणि स्वतःचा जीव मात्र सोमवारवर ढकललात.

आणि मी! वर्षभर तुमच्यासाठी भांडले. शेठ म्हणाला, "भाभी, हाथ गीला होगा, गलती उसीकी थी." चौकशीला आलेले साहेबही तसंच लिहून गेले. मी सगळ्या लाइनीतल्या गाळेवाल्यांसमोर शेठला खोटारडा म्हटलं. माझा माणूस मीटर लावल्याशिवाय बोटही लावत नाही, असं छातीठोक सांगितलं. आपल्या चामटोलीत आजही लोक तुमचं नाव आदराने घेतात, ते माझ्या त्या बोलण्यामुळे. आता मी कुठे तोंड लपवू?

रागाच्या भरात डायरी चुलीत घालायला निघाले होते. कुणाला कळणार होतं? तेवढ्यात विनोदची बायको आठवली. तुमच्या जागेवर आता विनोद आहे. मागच्या आठवड्यात बदलापूरच्या बाजारात ती भेटली, कडेवर मुलगी होती. म्हणाली, "वहिनी, नवीन कॉइल टाकल्यापासून भट्टी मस्त चाललीय. एकदा पण ट्रिप नाय झाली."

कशी होईल? तुमची सरळ जोडलेली वायर अजून तशीच आहे; उद्या ही कॉइल टेकली तर लाइन तोडायला स्विचच नाही. बोर्डाच्या पत्र्यामागे कुणी बघितलंच नाही. हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं आणि आता आम्हा मायलेकींना.

विनोदला आत्ताच फोन करून भट्टीला हात लावू नको म्हणून सांगितलंय. "का वहिनी?" म्हणाला. समोर येऊन सांगते, म्हटलं.

उद्या सकाळी स्वातीला घेऊन गाळ्यावर जाते. ज्यांच्यासमोर शेठला खोटारडा म्हटलं, त्यांच्याचसमोर हे पान वाचणार. हात ओला नव्हता, पण चूक माझ्या नवऱ्याचीच होती, हे माझ्याच तोंडाने सांगणार. तुमचं नाव जाईल. जाऊ दे. त्या नावासाठी मी दुसरीचं कुंकू पुसू देणार नाही.

ती वायर माझ्या डोळ्यांसमोर निघेपर्यंत मी तिथून हलणार नाही. सोमवारची वाट बघणार नाही. हा माझा शब्द.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच मंदा