दार नसलेले चौकोन

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

हाताचा ठणका कमी झाला असेल, अशी आशा आहे. आम्ही ठीक. ही म्हणते, प्लास्टर निघेपर्यंत ताईंना इकडेच घेऊन या. भाचीचा फोन आला होता. तू सायकल विकायला काढलीस म्हणे. "मामा, आई सगळ्यांना सांगतेय, आता मला जमत नाही म्हणून."

त्या दिवशी दवाखान्यात भावोजी म्हणाले, "एवढा हिरवागार पट्टा आखून दिलाय भावानं, बाईसाहेब त्यातही पडल्या!" सगळे हसले. तूही हसलीस, ओशाळून. आणि मीही.

ताई, तुझं काहीच चुकलं नव्हतं. उभ्या गाडीचं दार तोंडासमोर उघडलं तर कुणीही पडेल.

सायकलींचा तो पट्टा आधी मी फुटपाथला लागून आखला होता. उभ्या गाड्या त्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, मध्ये दार उघडण्यापुरती मोकळी जागा. मग साहेब म्हणाले, "लोकांना गाडी लावायला अडचण होईल. अदलाबदल कर, संध्याकाळपर्यंत दे." मी गाड्या फुटपाथला नेल्या, पट्टा बाहेर काढला. गाड्यांना जागा वाढवून दिली, मग मधली मोकळी जागा बसेना, ती पुसून टाकली. कागदावर सगळं चपखल बसलं. आमच्या नकाशात गाडी म्हणजे नुसता चौकोन, त्याला दार काढायची पद्धत नाही. पण गाडीला दार असतं, हे मला माहीत होतं.

तू पूर्वी रस्त्याच्या मधून चालवायचीस. मागचे हॉर्न वाजवायचे, तू म्हणायचीस, "वाजवू देत, मी दिसतेय तरी त्यांना!" मीच तुला दटावलं, "पट्टा केलाय ना? त्यातूनच जात जा. माझी लाज राख."

राखलीस.

आज साहेबांना सांगितलं, चूक माझ्या नकाशात आहे, पट्टा पुन्हा आखायला हवा. ते म्हणाले, "बहिणीचा हात मोडला म्हणून रस्ता बदलायचा?" मी हो म्हणालो. त्यांनी लेखी मागितलंय. उद्या देतो, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

सायकल विकायचीच असेल तर भीती बसली म्हणून विक. जमत नाही म्हणून नको. आणि हे भावोजींना वाचून दाखव, मोठ्यानं.

फोनच करणार होतो. पण तू "जाऊ दे रे" म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं.

तू ज्याचं ऐकलंस, तो
तुझा धाकटा भाऊ