त्रैक्याचा तास

प्रिय आई,
येशू तुला सुखात ठेवो. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर.

पण इथल्या फादरांनी डोकं पिकवलंय! रविवारी मुलांना पवित्र त्रैक्य, म्हणजे तिघे असूनही देव एकच कसा, ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी लॉन्ड्रीत राबणारा माणूस. म्हटलं, पाणी, वाफ, बर्फ, वस्तू एकच. फादर म्हणाले, "चूक. देव रूपं बदलत नाही." म्हटलं, एका घरातली तीन माणसं. "मग तीन देव होतील!" अहो, मग तुम्हीच शिकवा की!

शेवटी वैतागून, मी घरून निघताना तू काढलास तसा, पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कपाळावर क्रूस काढला. एक चिमुरडी विचारते, "सर, तुमच्या कपाळावर कोण काढतं?"

मी म्हटलं, "वर्ग सुटला."

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा थोरला