अदूच्या सायकलचं हँडल

१९ जाने., रवि.
गांधारी पूल गाठला, परतही आले, पण हातांनी आज पुरता दगा दिला. पत्रीपुलाच्या आधीच उजवी करंगळी आणि शेजारचं बोट झोपलं. मग डाव्या हातानेही तेच केलं. मान तर लाकूड. घरी येऊन पोळ्या लाटताना लाटणं हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागलं.

मैत्रीण भारती पुलावर भेटली तेव्हा म्हणाली, "एवढी ओणवी होऊन काय चालवतेस गं? रस्त्यात काही पडलंय का तुझं?" तिचं काय जातंय. तिची साधी, सरळ हँडलची. शहाडहून निवांत येते, पुढच्या टोपलीत शेंगदाणे. माझी म्हणजे अदूची, रेसरवाली. खाली वळलेलं हँडल, आणि तेही कुठच्या कुठे लांब.

अदू, माझा मुलगा, बंगळुरूला गेला त्याच्याही आधीपासून सायकल बाल्कनीत नुसती उभी. टॉवेल वाळायचे तिच्यावर. गेल्या दिवाळीत मीच खाली उतरवली. पन्नाशीनंतर स्वतःच्या मनाने, कुणाला न विचारता सुरू केलेली एवढी एकच गोष्ट. सोडायची नाहीये.

२२ जाने., बुध.
डॉ. दामलेबाईंकडे. "तळहाताशी नस दाबली जातेय. हात ताणून सगळं वजन त्यांच्यावर टाकताय तुम्ही. बसणं सुधारा. दोन महिन्यांनी या. तेव्हाही मुंग्या असतील तर सायकल बंद, मग माझ्याशी वाद घालायचा नाही." गोड आवाजात म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी क्लासला भूमिती. वर्तुळ काढताना खडू दोनदा सुटला. मुलं हसली. मीही हसले, पण आतून टरकलेय.

२६ जाने., रवि.
उपाय केला. जुनी योगाची चटई कापून हँडलला गुंडाळली, वर सुतळी. आमचे श्री. दारात उभे राहून बघत होते.
"अगं, हँडलच बदलू या ना सरळ."
"अदूला विचारल्याशिवाय नको. त्याची आहे."
"आणि चटई चालते त्याला?"
चटई काढता येते, म्हटलं. त्याने हौसेने लावलेली पिवळी टेप आत शाबूत आहे. हँडल आता दुधी भोपळ्याएवढं झालंय, पण मऊ. पुढच्या रविवारी बघू.

२ फेब्रु., रवि.
लिहायलाही लाज वाटते. पुलाच्या उताराला पुढची रिक्षा अचानक थांबली आणि माझी बोटं ब्रेकपर्यंत पोचेनात. मूठ एवढी जाड की चटईच धरून बसले. पाय घासत, "बाजूला, बाजूला" ओरडत रिक्षाच्या मागे टेकले. टेकलेच, आपटले नाही, नशीब.
रिक्षावाला उतरून आला. "मॅडम, ब्रेक नाय का?"
"आहे. लांब आहे."
तो सायकलभोवती एक चक्कर मारून हसायला लागला. मागून आलेली भारती हसली नाही. दप्तरातून कंपास काढावा तशी टोपलीतून कात्री काढली आणि चटई तिथेच कापून टाकली. "हाताचं नंतर बघू, आधी जीव राहू दे." येताना दोन्ही हात झोपलेले, पण ब्रेक लागत होते.

६ फेब्रु., गुरु.
अदूला फोन. "आई, मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाक." टाकला: तुझ्या सायकलचं हँडल बदललं तर चालेल का?
तासाभराने नुसता अंगठा.
श्रीं.च्या मते अंगठा म्हणजे "नंतर बघतो". भारतीच्या मते हो. मी भारतीचं ऐकलं. सोयीचं होतं.

१५ फेब्रु., शनि.
ठाण्याला, सायकलच्या मोठ्या दुकानात. श्री. गाडी चालवत होते, सायकल मागे आडवी, तिचं पुढचं चाक माझ्या मांडीवर. दुकानदार पोरगेला, बोलका. "काकू, हायब्रिड घ्या ना, सरळ हँडलची, तुमच्या एजला बेस्ट." म्हटलं, एज राहू दे, हिचं काय करता ते सांग. त्याने मापं घेतली. "कोणासाठी घेतलेली ही? फ्रेम एक साइज मोठीय." श्री. ताबडतोब हेल्मेट बघायला गेले.

घेतलेली त्यांनीच, अदू दहावी झाला तेव्हा. दुकानात सांगितलेलं, वाढतं अंग आहे, पुढच्या मापाची द्या. आमच्याकडे सगळंच तसं. युनिफॉर्म, रेनकोट, बूट. बुटात कापूस कोंबता येतो. आणि अदू नेमका तिथेच थांबला, त्यानंतर वाढला नाही. माझ्याहून बोटभर उंच, बस.

सरळ हँडल लावायचं तर ब्रेक, गिअर, सगळंच बदलावं लागतं. म्हणून वळणाचंच घेतलं, पण अरुंद, कमी खोल, आणि ते पुढे धरणारा तुकडा आखूड. ब्रेकही बोटांच्या जवळ आणून दिले. पिवळ्या टेपला पातं लावलं तेव्हा मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यायले. नवी टेप काळी, जाड. जुनं हँडल पेपरात गुंडाळून आणलंय.

१६ फेब्रु., रवि.
कोपर वाकतंय. एवढंच लिहावंसं वाटतंय. बसल्यावर कोपर वाकतं आणि मान वर राहते.
गांधारीवरून नदी दिसली. ती तिथेच होती, मी चाकाकडे बघत जात होते. येताना करंगळीला जरा मुंग्या, लगेच गेल्या. भारतीला सांगितलं तर म्हणते, "बघ, माणसासारखी दिसतेस आज."

२ मार्च, रवि.
टिटवाळा. पहिल्यांदाच एवढं लांब. हात ठीक, पण खांदे भरून आले. ब्रेकच्या मुठी जास्तच वर ठेवल्यात बहुतेक. षटकोनी पाना आणला, स्वतःच ढिल्या करून जरा खाली घेतल्या. एक बाजू वर, एक खाली झाली. मग क्लासची मोठी पट्टी लावून दोन्ही सारख्या केल्या. श्री. म्हणाले, भूमिती पहिल्यांदाच घरात उपयोगी पडली.

२० मार्च, गुरु.
अदूचा फोन. पाडव्याला येतोय, शनिवार ते मंगळवार. आनंदाने काय काय करायचं ते बोलत होते, तेवढ्यात तो: "आणि आई, जाताना सायकल नेतो. रूमपासून ऑफिस जवळ आहे आता."
"ने ना," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. हँडलचं बोलायचंही राहिलं.

२२ मार्च, शनि.
दामलेबाईंनी बोटं दाबून, टोचून पाहिली. "छान. चालू द्या सायकल." हो म्हटलं.
कोणती, ते त्यांना काय सांगणार.

२९ मार्च, शनि.
अदू आला. चहा घ्यायच्या आधी बाल्कनीत. "हे काय केलंस?"
अंगठा दाखवला त्याला फोनवरचा.
"मी काहीतरी वेगळंच वाचलं असणार." मग हँडलवरून हात फिरवत, "पिवळी टेप होती माझी."
राग नव्हता, पण हिरमुसला. पुरणपोळी खातानाही नीट बोलला नाही. वाईट वाटलं. आणि बदलल्याचं वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

३० मार्च, रवि. पाडवा
उजाडताच सायकल घेऊन गेला. "एक चक्कर मारून येतो." गुढी उभारायची वेळ झाली तरी पत्ता नाही. श्री. काठी धरून गॅलरीत ताटकळत. खाली शोभायात्रेचे ढोल सुरू झाले तेव्हा आला, घामाने निथळत, लालबुंद. पार पडघ्याच्या रस्त्याला जाऊन आलेला.
"आई, ही आधी अशी का नव्हती?"
मग श्रीखंडाच्या वाटीशी सगळं बाहेर आलं. त्याचेही हात झोपायचे. मान दुखायची. कॉलेजात असताना चालवायची सोडली ती त्यामुळे. आम्ही समजत होतो, चार दिवसांची हौस.
"बोलला का नाहीस रे?"
"बाबांनी एवढी हौसेने घेतलेली. वाटलं, रेसरवाली अशीच असते. आपल्यालाच जमत नाही."
श्री. म्हणाले, "सगळेच एक माप मोठं घेतात रे," एवढंच. अदूने त्यांच्या वाटीत अजून श्रीखंड वाढलं. मला रडू आलं, ते मी पुऱ्या तळायला जाऊन आवरलं.

३१ मार्च, सोम.
अदू आज पुन्हा जाऊन आला. दुपारी जेवताना विचारलं त्याने, "मग नेऊ ना उद्या? बसवाले टपावर घेतात."
श्री. पेपरात घुसले.
पुन्हा "ने ना"च येत होतं ओठांवर. गिळलं. "नाही," म्हटलं.
त्याला वाटलं चेष्टा.
"तुला हवीय ते कळतंय मला. मलाही हवीय, अदू. ती गेली तर मी परत नुसती घरात."
"अगं पण माझी आहे ना ती," लहान होता तेव्हाच्या आवाजात.
"तुझीच आहे. हँडल माझं आहे."
त्याने मागितलेलं काही मी दिलं नाही, असं याआधी झाल्याचं आठवत नाही. तो ताट उचलून आत गेला. भांडी आपटली नाहीत, हे चांगलं लक्षण धरायचं का?
संध्याकाळी क्लासची मुलं गेल्यावर दारात येऊन उभा राहिला. "उद्या सकाळी किती वाजता निघतेस?"
कुणाची सायकल मागून आणून सोबत यायचंय म्हणून विचारतोय, की माझ्याआधी काढायचीय म्हणून, तोंडावरून काही कळेना. हसत होता मात्र.
रविवार नसला तरी साडेपाच सांगितलं. गजर पाचचा लावलाय.