डाग फक्त वरच्या पानांवर

मंगळवार, २ सप्टेंबर

झोप नाही. आज तिसरा दिवस. हॉम खोकते, उठून बसते, तोंडातून लाळ गळते, परत माझ्या मांडीवर पडते. चार वर्षांची पोर, पण अंग असं सैल की ओलं फडकं उचलावं.

रविवारी झालं ते. मांजराच्या पिल्लामागे पळत ती गांजाच्या फुलांच्या खोलीत शिरली. दुपारची वेळ — म्हणजे झाडांची रात्र. इथं सहाला सांजेला दिवे लागतात, सकाळी सहाला विझतात. दिवसा पत्र्याखाली लावले तर झाडं शिजतील! मालकाचा गडी ओड खोलीतून बाहेर आला, नाकावरचं फडकं सोडत, आणि मागं न बघता कडी लावून गेला. मी मागे धुणं धूत होते. पाव तासानं ओरडणं ऐकू आलं. मला वाटलं मांजरच ओरडतंय. मांजर!

ओड म्हणतो, "एवढं काय झालं ताई? अंधारच होता. वाघ नव्हता आत."

वाघ असता तर दिसला तरी असता.

पोरीचा ख्वान, अंगातला जीव, सुटलाय. घाबरली की सुटतो. घाबरली त्याच जागी बसून राहतो आणि अंग रिकामं होतं. आई सांगायची, ख्वान गेलेल्या पोराचे डोळे बघ. बघितले. काळी बाहुली तिळाएवढी.

बुधवार, ३ सप्टेंबर

मालकाकडे फोन मागितला. भावाला विचारायचं होतं, साय लाव त्याचं नाव. त्याला ख्वान बोलवायचे शब्द नीट येतात. मालक म्हणाला, "कापणी झाली की फोन, कापणी झाली की कामाचं कार्ड. पळून गेलीस तर पानं कोण बघणार, मी?"

पाकपूम नाव त्याचं. लोकांसमोर मला 'पोरी' म्हणतो, मागे 'डोंगरी'. ऐकू येतं मला!

ही वही खोलीची. पुढून रोजची उष्णता आणि पाणी लिहायचं. मागून मी सीमेपलीकडच्या आमच्या शान अक्षरात लिहिते. देवळात तीन पावसाळे शिकले तेवढं. मालकाला वाटतं पोरगी रेघोट्या ओढते. वाटू दे.

सांजेला साडेपाचला फुलांच्या खोलीत गेले. अजून अंधार होता. उकडलेलं अंडं, भाताचा गोळा, हॉमचा लाल सदरा, मेणबत्ती. हॉमला मांडीवर घेतलं आणि बोलावलं — "ये गं ये, झाडाखाली बसू नको, पाण्याच्या टाकीमागे बसू नको, आईकडे ये, भात गरम आहे." तीन संध्याकाळ करायचं असतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पोत्यांचा दिवस. खुडलेली पानं पोत्यात भरून मागच्या फाटकाशी ठेवायची, एक म्हातारा सायकलगाडीवर घेऊन जातो, खड्ड्यात कुजवतो. त्याच्याशी बोलायचं नाही असा मालकाचा हुकूम. पण तो पोती उचलताना गुणगुणतो ते आमच्या भाषेत! नाव माहीत नाही. मनात मी त्याला काका म्हणते.

दुसरी संध्याकाळ झाली. हॉमनं अंडं तोंडात घेतलं, थुंकलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

तिसरी झाली. डाव्या मनगटावर पांढरा दोरा बांधला, सात गाठी. आता ख्वान आला की जाणार नाही.

खोकला आहेच.

सोमवार, ८ सप्टेंबर

डाग! सांजेला दिवे लागले आणि दिसले. पानांवर तपकिरी डाग, कडेला जळका रंग, काहींचे शेंडे खाली वळून पक्ष्याच्या नखासारखे. फुलं धरून पाचवा आठवडा चाललाय, आत्ताच फुलं फुगतात, आणि हे!

मालक आला, टॉर्च मारत फिरला, आणि टाकीजवळ वाकला. मेणाचा थेंब. नखानं खरवडला, माझ्या नाकाशी धरला.

"हे काय?"

मी सांगितलं. काय खोटं बोलणार? बोलावताना लपवायचं नसतं.

"मेणबत्ती? झाडांच्या रात्री? अगं डोंगरी, फुलात असलेल्या झाडाला रात्री काजवा दाखवला तरी बिघडतं! आणि तू आत दिवे लावलेस! तुझ्या भुताखेतांपायी माझी दोनशे झाडं!"

ओड दारात उभा होता. खाली बघत होता. त्याला हसू आलं असावं.

मी पाया पडले. पडायला नको होतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

खरंच माझ्यामुळे झालं का?

गुरुवार, ११ सप्टेंबर

नाही! नाही! नाही!

काल रात्रभर एकेक झाड बघितलं, पान उलटं करून, सुलटं करून. शाळा नाही माझी, पण डोळे आहेत. झाडाला खत कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात — फुलं धरल्यावर थोडी होतातच, झाड खालचं वर ओढतं. खत जास्त झालं तर नुसतं टोक जळतं, सगळ्या झाडांचं, सारखं. लाल कोळी असला तर पानाच्या पाठीवर जाळी आणि टाचणीएवढे ठिपके. आणि अंधार मोडला तर — हे ओडच मागे बोलला होता — फुलात केळ्यासारख्या पिवळ्या काड्या येतात, बी धरतं. एक काडी नाही कुठं! एक नाही!

डाग फक्त वरच्या पानांवर आहेत. थेंब जिथं लोंबतो तिथं, टोकाला आणि कडेला. वरच्या पानाच्या सावलीत जे पान आहे ते हिरवंगार. मेणबत्ती तर मी खाली लावली होती, जमिनीवर. जळायचं तर खालचं जळेल ना!

मग पान चुरगाळून वास घेतला.

तो वास मी कुठंही ओळखेन. हॉमचा बाप संत्र्याच्या बागेत फवारणीला होता. सदरा दहा वेळा धुतला तरी तो वास निघायचा नाही. हात थरथरायचे, लाळ गळायची, आणि डोळ्यातली बाहुली — तिळाएवढी. बागेतले म्हणाले दारू पितो. तो पीत नव्हता.

तिळाएवढी. आणि मी म्हणाले ख्वान सुटला.

ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी आली होती, पीठ सांडल्यासारखी. मग पानं पोखरणारी अळी. चार दिवसांत सगळं गायब. ओड म्हणाला कडुनिंबाचं पाणी मारतो. कडुनिंब! आमच्या अंगणात कडुनिंब होता. कडुनिंबानं चार दिवसांत अळी मरते होय!

तो रविवारी फवारूनच बाहेर आला होता. नाकावर फडकं त्यासाठी. आणि माझी पोर पाव तास आत. आणि मग मी तिला मांडीवर घेऊन तीन संध्याकाळी त्याच खोलीत बसले! गरम भात आहे म्हणत! मी!

लिहवत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ओडला गाठलं. विळा हातात होता, मुद्दाम नाही, खुडत होते म्हणून.

"काय मारलंस?"

"ताई, सांगितलं ना—"

"कडुनिंब पुन्हा म्हणालास तर तुझ्या जिभेवर पिळीन."

तो बसला कुंड्यांच्या कडेला. "मालकानं बाटली दिली. फुलावर मारायचं नसतं मला माहितेय. मी म्हणालो त्यांना. ते म्हणाले, धुतलं जातं."

"कशानं धुतलं जातं? फूल कोण धुतं?"

"मलाही दोन पोरं आहेत ताई."

"मग त्यांना आण इथं! झोपव आमच्या खोलीत! भिंतीत भोक आहे पंख्याचं, सगळी हवा आमच्याच चटईवर येते!"

मग म्हणतो, "पोर आत गेलेली मला खरंच दिसली नाही." सोमवारी दारात हसत नव्हता तो, आता कळलं.

बाटली कुठं आहे ते सांगितलं नाही. भित्रा!

शनिवार, १३ सप्टेंबर

हॉमनं पेज खाल्ली, अर्धी वाटी. टिकली.

सोमवार, १५ सप्टेंबर

मालकाचा हुकूम — डागाचं प्रत्येक पान खुडा, एक दिसता कामा नये. तपासणीला माणूस येतोय. आता हा माल डॉक्टरच्या चिठ्ठीवरच जातो, आजाऱ्यांना. कुणाला झोप नाही, कुणाच्या पोटात गाठ. त्यांनी हे ओढायचं!

माणूस आला. बरा होता, शिकलेला. मालकानं त्याला तपासायला फुलं दिली ती कुठली? त्याच्या गच्चीवरच्या तीन कुंड्यांतली! ओडनं पहाटे खाली आणून मधल्या रांगेत ठेवलेली. मी तिथंच उभी. तोंड उघडलं. मालक हसत म्हणाला, "आमची ही नवीन पोरगी. कार्डाचं काम चालू आहे हिचं." कार्ड म्हणताना माझ्याकडे बघितलं.

तोंड मिटलं. थू माझ्यावर.

खुडलेली चार पानं वहीत दाबून ठेवली. इथंच, या पानात.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज परत फवारलं! तपासणी झाली, आता भीती कुणाची! मी पंख्याच्या भोकात गोधडी कोंबली. मालकानं येऊन काढली. "झाडांना हवा लागते."

माझ्या पोरीला नको.

बाटली सापडली — टाकीमागे, तांदळाच्या रिकाम्या पोत्याखाली. इथली अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण कागद सोलून घेतला. थुंकी लावून शेवटच्या पानावर चिकटवलाय.

बुधवार, १७ सप्टेंबर

दुपारी हॉमला उलट्या. मग झटके. डोळे वर. मी मालकाचं दार बडवलं, हात सोलपटेपर्यंत. मालक आला, पांढरा पडला. तिला उचललं त्यानं. मी गाडीत चढायला गेले तर खाली ढकललं.

"तुला कार्ड नाही! दवाखान्यात विचारतील, धरतील, दोघींना हद्दपार करतील! मी नेतो. माझी भाची म्हणून सांगतो."

"त्यांना औषधाचं नाव सांगा! फवारणीचं सांगा!"

"हो हो."

सांगणार नाही तो. सांगितलं तर दोनशे झाडं गेली, परवाना गेला. ताप म्हणेल. काहीतरी खाल्लं म्हणेल.

सांजेला एकटा आला. "ठेवून घेतलंय. बरी आहे." कुठं? "कापणी झाली की भेटशील."

दिव्यांच्या बटणावर हात होता माझा. दिवसभर सगळे दिवे जाळायचे, एक मेणबत्ती म्हणतोस ना, घे! दाबलं नाही. पोर कुठं आहे ते फक्त त्याला माहीत आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पोत्यांचा दिवस. कालपासून दाराला बाहेरून कुलूप आहे, ओड फक्त पोती ओढून घ्यायला उघडतो. ही वही तिसऱ्या पोत्यात तळाशी घालतेय, वर डागाची पानं. पानांना हात लावाल तर धुवा.

काका, तुम्हाला आमची अक्षरं येत नसतील तर ज्याला येतात त्याला दाखवा. जो कोणी वाचेल त्याला सांगते. माझा भाऊ साय लाव. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर तीन वेळा लिहिलाय, एक पुसला तर दुसरा वाचा. त्याला सांगा, च्यांगमाय शहरातले सगळे दवाखाने बघ. चार वर्षांची पोर, मालकाची भाची म्हणून भरती केलेली, डाव्या मनगटावर पांढरा दोरा, सात गाठी. ती हॉम आहे. शेवटच्या पानावरचा बाटलीचा कागद डॉक्टरला दाखव. ताप नाही म्हणावं.

मला सोडवायला नंतर या. आधी भावाला फोन करा.