पायाखालून गेलेलं विमान

१२ सप्टेंबर १९४३, तोरणा
आज विमान माझ्या पायाखालून गेलं. अगदी खरोखर. माचीच्या कडेला उभा होतो, दरीतला ढग फाटला आणि खाली चकाकती पाठ, पसरलेले पंख. आजवर विमानाचं पोटच पाहिलं होतं.
धोंडिबा म्हणाला, "घारीची पाठ दिसावी तशी दिसली बगा, दादा." धोंडिबा वेल्ह्याचा, पन्नाशीचा. त्याचे कान आणि माझं इंग्रजी, एवढ्यावर ही विमानं टेहळायची चौकी चालते. विमान आलं की फोनचा दांडा फिरवायचा, पुण्याला सांगायचं: किती, कुठून कुठं, किती उंच. ते नकाशावर मांडतात, विमानतळाला कळवतात. ढगात दोन विमानं एकमेकांवर येऊ नयेत म्हणून.
उंची आपल्या चौकीपासून सांगायची, असा हुकूम. मी सांगितलं, "उणे सहाशे फूट."
पुणे: "काय?"
"उणे. विमान खाली, मी वर."
"थट्टा नको. सहाशे लिहितो."
"अहो, सहाशे नव्हे..." फोन बंद.

१४ सप्टें., भोर
घरी. जेवताना वडिलांनी विषय काढलाच. "भाटघरच्या अण्णांना विचारलं. म्हणाले, कॉलेज अर्ध्यावर टाकणाऱ्याच्या घरी कुसुम द्यायची नाही."
ताटावरून उठलो. आई मागून हाका मारत होती.
अण्णा धरणाच्या कचेरीत कारकून, आणि भाटघरच्या चौकीवरून विमानं कळवणारेही तेच! मी प्रोफेसरशी भांडलो, कॉलेज सोडलं. त्याचा पश्चात्ताप नाही. कु.शिवाय राहणं मात्र...

१७ सप्टें.
आमची नि भाटघरची तार एकच, त्यामुळे अण्णांचं बोलणं कानावर पडतं. आज एकच विमान आधी त्यांच्यावरून गेलं, मग आमच्या खालून. अण्णा म्हणाले, "दोन हजार." मी म्हणालो, "उणे सहाशे." दोघंही बरोबर! ते धरणाजवळ उभे, मी गडावर. पुण्याच्या कागदावर मात्र एकदा दोन हजार, एकदा सहाशे.
उद्या एक विमान भाटघराकडून आलं आणि दुसरं घाटाकडून, तर पुणेकर म्हणणार, मध्ये भरपूर जागा आहे. जागा कसली, दोन्ही समोरासमोर!
पुण्याच्या साहेबाला पत्र लिहिलं. सगळ्यांनी उंची समुद्रापासून मोजा.

२१ सप्टें.
पुण्याचं उत्तर, दोन ओळी. चौकीवाल्यांनी आकडे कळवावेत. सूचना करू नयेत.
कागद फाडणार होतो. धोंडिबानं हात धरला. "ऱ्हाऊं द्या दादा, चूल पेटवाया व्हईल."
त्याचा जावई धरणाचे दरवाजे चालवतो. त्याच्या हाती कु.ची चिठ्ठी आली. माझं म्हणणं तिला कळवलं होतं. लिहिते, "अण्णा पाण्याची पातळी रोज समुद्रापासून लिहितात. धरण समुद्रापासून सुमारे दोन हजार फूट. विमानाची उंची तेवढी आपल्या पायापासून. हे मी त्यांना सांगू का? तुम्ही सांगितलंत तर ऐकणार नाहीत."
गड नकाशावर चार हजार सहाशे. त्यातून सहाशे गेले, चार हजार. धरण दोन हजार, वर अण्णांचे दोन हजार. चार हजार! कॉलेजात हिला बसवायला हवं होतं, मला नव्हे.

२४ सप्टें.
जे लिहिलं होतं तेच आज झालं.
साडेदहाला अण्णांनी कळवलं: एक छोटं शिकाऊ विमान, दोन हजार, तोंड पश्चिमेला. तेवढ्यात घाटाकडून दोन इंजिनांचं मोठं धूड, आमच्या खालून, तोंड पूर्वेला. मी फोनवर "उणे सहाशे" सांगितलं आणि ओरडलो, "दोन्ही एकाच उंचीवर आहेत! एकाला वर घ्या!"
"भाटघर दोन हजार, तुम्ही सहाशे. चौदाशे फूट जागा आहे. ओरडू नका."
"उणे! उणे सहाशे!"
दोन्ही एकाच ढगात शिरली. धोंडिबानं डोळे मिटून कान लावले. मी मात्र डोळे उघडेच ठेवले. मोठं आधी बाहेर आलं. मग छोटं, एका कुशीवर कलंडलेलं, खाली खाली जात धरणाच्या पाण्यावर कसंबसं सावरलं. धोंडिबा खालीच बसला. "येकमेकाची पिसं उपटली असती वो!"
अण्णा तारेवर होते. सगळं ऐकलं त्यांनी.

२७ सप्टें.
वैमानिकांनी तक्रार केली. आता पुण्याला गुन्हेगार हवा. दोन चौक्यांचे आकडे जुळत नाहीत, म्हणजे एक चौकी चुकली, असा त्यांचा न्याय. टाइप केलेला कागद आलाय: "उंचीचा माझा अंदाज चुकला." खाली सहीला जागा. ७ ऑक्टोबरला, गुरुवारी, तो घेऊन पुण्याला हजर व्हायचं. सही नाही केली तर ठपका भाटघरावर. अण्णांच्या पेन्शनीला दोन वर्षं उरलीत.
म्हणजे सही केली की कु.चे वडील वाचतात. वा! काय पेच टाकलाय!

३० सप्टें.
खोटं कशाला लिहू, काल टाक शाईत बुडवला होता. सही करायची, अण्णांपुढे जाऊन उभं राहायचं, बघा तुमच्यासाठी काय केलं म्हणायचं. मग कु. माझी. असं सगळं मनात रंगवून झालं.
आज तिची चिठ्ठी. एवढीच: "तुमच्या सहीनं अण्णांची नोकरी राहील. विमानं तशीच येत राहतील."
टाक धुऊन ठेवला.
दुपारी तारेवर अण्णा सापडले. म्हटलं, "अण्णा, एकदा वर या. डोळ्यांनी बघा."
"तुम्ही मला शिकवू नका." खट्.

३ ऑक्टो.
अण्णा आले! धोतराचा काचा मारलेला, वहाणा हातात, घामाघूम. धोंडिबा शेवटच्या चढावर हात देत होता. "बसा आण्णासायेब, गड काय पळून जात न्हाई."
पाणीही घोटभरच घेतलं. दोन तास कडेला बसून राहिले. मग घरघर आली आणि दरीतून विमान सरकत गेलं. अण्णा उभे राहिले. ते दिसेनासं झालं तरी उभेच.
"पाठ दिसली," म्हणाले.
"होय."
"माझे दोन हजार बरोबर होते."
"बरोबरच होते. माझे उणे सहाशेही."
"मग चूक कुणाची?"
"सही मागणाऱ्याची!"
"जीभ आवरा." पण कागद मागून घेतला, दोनदा वाचला, घडी करून परत दिला. सही करा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.
उतरायला लागले तेव्हा पाठमोऱ्यानंच विचारलं, "गुरुवारी पुण्याला बोलावलंय ना तुम्हाला?"
"हो."
"रजा मिळते का बघतो."
कु.चं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

४ ऑक्टो.
कागद कोराच नेणार. साहेबाला म्हणणार, तुम्ही गडावर चला. नोकरीवरून काढा, काय वाटेल ते करा. अण्णा येवोत न येवोत.
सकाळी विमान गेलं, खालून. कळवलं, "उणे सातशे."
"उणे म्हणायचं नाही असं लेखी कळवलंय तुम्हाला."
"विमानाला कळवा."
फोन आपटला पलीकडे. मी पुन्हा दांडा फिरवला.